हातोड्याच्या हद्दीतला गुरू

आमच्या भागातल्या प्रत्येक घरात फळीवरच्या डब्यांखाली वर्तमानपत्राची घडी असायची. नुसता कागद अंथरलेला नव्हे, चांगली चौपदरी घडी. दोन डब्यांच्या मध्ये बोटभर जागा सोडायची, पातेल्यांवर झाकण ठेवताना मध्ये फडकं घालायचं, आणि देवाच्या तसबिरीला वरच्या खिळ्याबरोबर खाली दोन खिळ्यांचा आधार द्यायचा. लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा घरमालकीण मावशींनी पहिल्याच दिवशी मला हे सगळं शिकवलं, आणि नळाला पाणी किती वाजता येतं हे जसं आपण शिकतो तसं मी ते शिकून घेतलं. का, असं विचारलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मुलांनी 'का' विचारलं नाही की त्यांच्यावर वैतागायचे, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

कारण खरं म्हणजे समोरच होतं. आमच्या परसदाराच्या पलीकडे एक पडीक शेत, त्यापलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे फोर्जिंगचा कारखाना. तिथे तापून लाल झालेल्या लोखंडाच्या ठोकळ्यावर दोन मजले उंच हातोडा आपटायचा आणि त्या ठोकळ्याचा ट्रकच्या इंजिनातला एखादा भाग व्हायचा. असे बरेच हातोडे होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्यावर आमचे हे ऑपरेटर होते. सुरुवातीचे काही आठवडे त्या धडधडीने मला झोप लागली नाही. नंतर लागायला लागली, आणि वर्षभरात तो आवाज मला ऐकू येईनासा झाला. ह्यांना तर एकूणच कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे आमच्या घरात प्रेमाचं बोलणंही जरा मोठ्यानेच चालायचं.

दुर्बिणीचं खूळ माझ्या डोक्यात वर्गात शिरलं. "गुरूच्या पृष्ठभागावर पट्टे असतात," असं मी सातवीला सांगत होते, आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं की मी हे किती वर्षं, किती ठामपणे सांगत आले आहे. पाहिलेत कधी? नाही. पुस्तकातलं वर्तुळ आणि त्यावरच्या चार आडव्या रेघा, एवढीच माझी आणि गुरूची ओळख. घरी येईपर्यंत मला त्याची भलतीच चीड आली होती. स्वतःचीच, पण ती काढली ह्यांच्यावर.

विकत घ्यायची दुर्बीण आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून मी ती करायची ठरवली. दुर्बिणीतला आरसा घरी घासून करता येतो असं एका जुन्या मासिकात सविस्तर दिलं होतं. दोन जाड गोल काचा, मध्ये कार्बोरंडमची खरखरीत पूड आणि पाणी. खालची काच घट्ट बसवायची, वरची तिच्यावर पुढेमागे घासायची, आणि घासता घासता भोवती फिरत राहायचं म्हणजे खळगा सगळीकडून सारखा पडतो. मी परसात तेलाचं रिकामं पिंप मांडलं, त्यात दगड भरले आणि शाळेतून आल्यावर रोज त्याला प्रदक्षिणा घालायला लागले. मावशींनी काही दिवस पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "मास्तरीणबाई, दळताय तरी काय?"

काच, म्हटलं.

"मग पीठ कुनी खायाचं?"

मावशी इथल्या जुन्या घराण्यातल्या. कारखाना उभा आहे ती जमीन एके काळी त्यांच्या सासऱ्यांची होती आणि मोठा हातोडा नेमका त्यांच्या विहिरीच्या जागी बसला आहे, असं त्या सांगायच्या. विहीर बुजवायला आलेल्या लोकांना त्यांनी चहा करून दिला होता, आणि ही गोष्ट आपण मूर्खपणाची केली की मोठेपणाची, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

आरसा झाला. त्याला पुण्याहून चांदी चढवून आणली. दुर्बीण बसवायला लोखंडी पाइपच्या तुकड्यांची फिरती बैठक झाली, आणि ह्यांच्या एका मित्राने लेथवर एक लांब आटा, म्हणजे स्क्रूसारखा दांडा, कापून दिला. तो हाताने सावकाश फिरवला की पृथ्वी फिरते त्याच्या उलट दुर्बीण फिरायची आणि ग्रह भिंगातून पळून जायचा नाही. मासिकात एक गोष्ट ठळक अक्षरांत होती: पाया भक्कम हवा. भक्कम म्हणजे भक्कम, असं म्हणून मी गवंड्याकडून परसात खड्डा खणून घेतला. मुरूम संपून काळा खडक लागला तेव्हा तो थांबला. मी फार खूश झाले. दुर्बिणीचा सिमेंटचा खांब थेट खडकावर उभा राहिला आणि दोन माणसांनी ढकलला तरी हलेना.

पहिल्यांदा गुरू पाहिला ती संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. आकाशात अजून उजेड होता. भिंगात एक पिवळसर वाटोळा तुकडा आला, जरा थरथरला, आणि क्षणभर त्यावर दोन पट्टे दिसले. शेजारी ओळीत चार चंद्र. मी ओरडले नाही, पण स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्ह बंद केला, कारण भात करपला तरी आता मला कळणार नव्हतं. ह्यांना बोलावलं. भट्टीसमोर दिवस काढून डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचतात, त्यात आणखी एक ठिपका कशाला, असं म्हणून त्यांनी टाळलं. तू बघ आणि मला सांग, म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, निदान मान तरी हलवली.

पण एवढ्याने माझं भागेना. पट्टे दिसायचे आणि पुसायचे. खरंच दिसले, की पुस्तकातल्या रेघा डोळ्यांना आठवल्या? कागदावर चित्र काढून पाहिलं तर जे दिसायला हवं तेच माझा हात काढायचा. कॅमेऱ्याने पुस्तक वाचलेलं नसतं. म्हणून मी शाळेतल्या एका निवृत्त होणाऱ्या सरांकडून त्यांचा जुना रशियन कॅमेरा घेतला, त्याचं पुढचं भिंग काढलं आणि तो दुर्बिणीच्या मागे पत्र्याच्या पट्टीने बसवला. बटण दाबलं की कॅमेरा हलतो, म्हणून बटण दाबायच्या आधी दुर्बिणीच्या तोंडाशी काळा पुठ्ठा धरायचा. झडप उघडली, कॅमेरा शांत झाला, की पुठ्ठा बाजूला करायचा, एक श्वास, आणि पुन्हा आडवा. एका हातात पुठ्ठा, दुसऱ्या हाताने आटा फिरवणं चालू. मावशी म्हणायच्या की मी गुरूला वारा घालते.

पहिला रोल स्टेशनजवळच्या स्टुडिओत दिला. चार दिवसांनी गेले तर स्टुडिओवाल्याने हळहळून सांगितलं की बाई, सगळी फिल्म कोरी निघाली, म्हणून प्रिंट काढून तुमचा खर्च वाढवला नाही. निगेटिव्ह उजेडात धरली तर प्रत्येक चौकटीत एक बारका काळा ठिपका. मी म्हटलं, हा गुरू. त्याने ती हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला की पुढच्या वेळी जरा जवळून काढा. त्याचंही काही चुकलं नव्हतं. त्या दिवसापासून मी फिल्म न्हाणीघरात धुवायला लागले, खिडकीला गोधडी लावून.

आणि इथून माझ्या छळाला सुरुवात झाली. गुरू यायचा, पण दुहेरी यायचा. एका कडेऐवजी दोन कडा. पट्टे एकमेकांत कालवलेले. डोळ्याला ज्या क्षणी स्पष्ट दिसायचा तो क्षण फिल्मवर कधी उतरायचाच नाही. मी आरशाला दोष दिला, तो पुन्हा पुन्हा तपासला. आट्याला दोष दिला. माझ्या हाताला दिला, कॅमेऱ्याला दिला, ज्यांच्याकडून तो घेतला त्या सरांनाही मनातल्या मनात दिला. खांबाला मात्र कधी दिला नाही. खांब खडकावर होता.

मधूनच एखादा फोटो असा यायचा की मी न्हाणीघरातल्या लाल दिव्याखाली बसून राहायचे. पट्टे वेगळे, कडा एकच. हे कसं झालं? चांगले फोटो एकत्र ठेवायला लागले आणि एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. ते सगळे गुरुवारचे होते.

मला ते अजिबात आवडलं नाही. मावशींना फार आवडलं. त्यांना त्यात नवल वाटलंच नाही. "आपल्या वारी त्यो नीट बसतो," त्या म्हणाल्या. "इतर दिशी त्याला काय पडलीय?" मी विज्ञानाची शिक्षिका आणि माझ्या हातात पुरावा होता की गुरू ग्रह गुरुवारी स्पष्ट दर्शन देतो. हे जर शाळेत कळलं असतं तर पुढचे सगळे गुरुवार माझ्या परसात उदबत्त्या लागल्या असत्या.

त्या वर्षी शनीही संध्याकाळी गुरूच्या जवळपासच होता. मी म्हटलं, ठीक आहे, परीक्षाच घेऊ. शनिवारी शनीचा फोटो काढला, त्याच्या मनाप्रमाणे वार पाळून. हललेला आला. गुरुवारी शनीचा काढला. सुरेख आला, सुईसारखं कडं सरळ आरपार. मी तो फोटो मावशींसमोर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या की गुरूच्या घरी गेल्यावर शनीपण सरळ वागतो, त्यात काय. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, पण कोडं आता माझं होतं आणि ते मला सोडेना.

गुरुवारी असं काय वेगळं होतं? आमच्या पट्ट्यात विजेच्या टंचाईमुळे कारखान्यांच्या सुट्ट्या वाटून दिल्या होत्या आणि आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. ह्यांचं म्हणणं पडलं की गुरुवारी ते घरी असतात, चहा ते करतात, म्हणून माझा हात स्थिर राहतो. हे सांगताना ते इतके गंभीर होते की मी खरोखरच एका मंगळवारी त्यांना सकाळपाळी असताना संध्याकाळचा चहा करायला लावला. चहा चांगला झाला, गुरू हललेला आला. मग मला धूर सुचला. गुरुवारी धुराडी बंद, हवा स्वच्छ, म्हणून फोटो स्वच्छ. हे मला इतकं पटलं की मी वर्गात उदाहरण म्हणूनही सांगून टाकलं. पण एका बुधवारी जोराचा पश्चिमवारा सुटला, सगळा धूर पार दिघीच्या बाजूला गेला, आकाश काचेसारखं झालं, आणि त्या दिवशीचे फोटो सगळ्यात वाईट निघाले.

शेवटी उलगडा केला तो मावशींच्या नव्या हंड्याने. भाचीच्या लग्नात त्यांना मोठा स्टीलचा हंडा आणि त्यावर झाकण मिळालं होतं. तो त्यांनी मागच्या दाराशी, पाणी भरायला सोयीचा म्हणून, नुसताच दगडावर ठेवला. खाली घडी नाही, झाकणाखाली फडकं नाही. मी भिंगाला डोळा लावून आटा फिरवत होते. गुरू थरथरला. त्याच क्षणी माझ्या पाठीमागे हंड्याचं झाकण बारीक किणकिणलं. गुरू थांबला, झाकण थांबलं. पुन्हा गुरू थरथरला, पुन्हा झाकण वाजलं. चार-पाच वेळा ओळीने, मग जरा उसंत, मग पुन्हा. मी डोळा काढला, सरळ उभी राहिले, आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा मला हातोडा ऐकू आला.

तो काही नव्याने सुरू झाला नव्हता. तो सतत चालूच होता. रोज फळीवरच्या घड्या बदलणारी मी, रोज झाकणाखाली फडकं घालणारी मी, आणि खांब मात्र नेऊन त्याच खडकावर उभा केला होता ज्याच्यात हातोड्याचा पाया होता. मासिक लिहिणाऱ्याला काय माहीत की वाचणारी बाई कुठे राहते. जितका खोल मी पाया नेला तितका हातोडा माझ्या दुर्बिणीच्या जवळ आला. मी तिथेच पिंपावर बसून हसत सुटले. मावशी बाहेर आल्या, कारण ऐकलं, आणि आधी धावत जाऊन झाकणाखाली फडकं घातलं.

ह्यांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की ते चिडवतील. ते चिडवायचं विसरूनच गेले. एवढ्या लांब असलेला गुरू आपण हलवतो, ही कल्पना त्यांना भयंकर आवडली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी ती सगळ्यांना सांगितली. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या शॉपमधला कोणी रस्त्यात भेटला की आज गुरूला कुठे सरकवून ठेवू, म्हणून मला विचारायचा.

मी उपाय करून पाहिले. खांब सोडून दुर्बीण फुगवलेल्या ट्यूबांवर ठेवली, तर हातोडा बंद आणि वारा सुरू. भुशाच्या पोत्यांवर ठेवली, तर ती एका बाजूला खचली. तेव्हा गुरुवारवर समाधान मानायचं ठरलं, ढग नसतील त्या. पण माणसाचं समाधान कधी टिकतं? गुरूवर एक मोठा तांबूस डाग आहे. गुरू दहा तासांच्या आत एक गिरकी घेतो, म्हणजे तो डाग एकाआड एक संध्याकाळी आपल्या समोर येतो, दर खेपेला थोड्या उशिरा. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मला ते फोटोत पाहायचं होतं, एकामागून एक संध्याकाळ, म्हणजे तो फिरतो हे मी माझ्या शब्दावर वर्गात सांगू शकले असते. त्याच सुमाराला अमेरिकेचं यान गुरूजवळून गेलं होतं आणि त्याने काढलेले फोटो पेपरात आले होते. ते पाहून ह्यांनी विचारलं की आता तुझी काय गरज राहिली. मी म्हटलं की ते तिथे जाऊन काढलेले आहेत, मला तो चिंचवडहून कसा दिसतो ते बघायचंय. त्यासाठी सलग संध्याकाळी हव्या होत्या आणि माझ्याकडे आठवड्यातून एक होती. कंपनीला आठ-दहा दिवस बंद ठेवायला सांगा ना, असं मी ह्यांना चेष्टेने म्हणायचे.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमाराला कंपनी बंद पडली. कामगार आणि मालक यांच्यातली बोलणी फिसकटली आणि एका सकाळी गेटवर टाळेबंदीची नोटीस लागली.

पहिले दिवस सुट्टीसारखे गेले. ह्यांनी दार रंगवलं, मावशींच्या पत्र्याची गळती काढली. पण रात्री कोणाला झोप येईना. आळीतली तान्ही मुलं कारण नसताना रडत उठायची. मावशी म्हणाल्या की घर सुतकात असल्यागत वाटतंय. आणि मी? मला लपवता येत नव्हतं. रोज संध्याकाळी गुरू भिंगात येऊन बसायचा आणि हलायचा नाही. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. पट्ट्यांच्या कडेला बारीक दातरे होते, ते दिसले. डाग दिसला. एका संध्याकाळी तो कडेशी, एक दिवस सोडून त्याच वेळी पाहिलं तर अजून कडेवर यायचाच होता, मग तासभर थांबलं की पुढे सरकलेला. फिरत होता! पुस्तकात म्हटलं होतं तसाच, आणि तरी पुस्तकाचा त्यात काही संबंध नव्हता. मी शाळेतून अक्षरशः पळत घरी यायचे.

फोटो धुवून मी परसात दोरीवर ओळीने वाळत घातले होते, एक संध्याकाळ पुढे दुसरी, तेव्हा हे गेटवरच्या सभेहून आले. मी त्यांचा हात धरून दोरीपाशी नेलं आणि डाग कसा सरकतो ते बोटाने दाखवायला लागले. त्यांनी दोरीवरचे फोटो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. मग म्हणाले, "तुझं बरं चाललंय. कंपनी बंद, तुझे फोटो चांगले."

ते आवाज न चढवता बोलले, आणि ह्यांना हळू बोलताना मी क्वचितच ऐकलं होतं. त्या दिवशी सभेत बातमी आली होती की मालक हातोडे उपटून दुसऱ्या राज्यात नेणार. पायाचे बोल्ट सैल करायला माणसं आली आहेत, असं कोणी सांगितलं होतं. हे चाळिशी ओलांडलेले, अर्धे बहिरे, आणि त्यांना हातोड्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. इतर कंपन्यांत विचारून झालं होतं. कऱ्हाडकडे त्यांचा थोरला भाऊ होता, त्याची पिठाची गिरणी होती, ये आणि गिरणीवर बस असा त्याचा निरोप होता. माझ्या पगारात आम्ही जेवलो असतो, पण बायकोच्या पगारावर घरी बसलेले हे मला डोळ्यांपुढे आणवत नव्हते, आणि गिरणीत धाकटा भाऊ म्हणून बसलेले तर त्याहून नाही. मी फोटो दोरीवरून काढले, ओलेच, आणि ते एकमेकांना चिकटले.

त्यानंतर मी कॅमेरा लावला नाही. दुर्बिणीला डोळा लावणं मात्र थांबवलं नाही, ते मला जमलं नसतं. पण आता माझं बघणं उलटं झालं होतं. मी पट्टे बघत नव्हते, डाग बघत नव्हते. मी गुरूची कड बघत होते, ती हलते का म्हणून. तो जितका शांत, तितकी मी भिंगापाशी जास्त वेळ थांबायचे. पेपरात एक दिवस समझोता जवळ आल्याची बातमी, दुसऱ्या दिवशी बोलणी तुटल्याची. गेटवर जाणारी माणसं कमी होत गेली. काही जण सामान टेम्पोत भरून गावी निघून गेले. वैशाखात ह्यांनी भावाला कळवायचं ठरवलं की या महिनाअखेरीला आम्ही येतो. निदान हे तरी जातील, माझं शाळेचं मग बघू. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी सवयीने परसात गेले. दिवस मावळला होता, पण पश्चिमेला उजेड होता. गुरू भिंगात आला आणि नेहमीसारखा बसला. मग त्याची कड हलली.

मला वाटलं, माझा हात लागला. मी दोन्ही हात मागे घेतले आणि पाठीशी धरले. काही नाही. मग पुन्हा हलली, अगदी किंचित, पट्टे एकदा विरले आणि परत जुळले. पुन्हा. पुन्हा. मग उसंत. ती उसंत माझ्या ओळखीची होती.

हे आत स्टोव्हला पिन करत बसले होते. अहो चला, हातोडा सुरू झालाय, मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही म्हणून जवळ जाऊन पुन्हा सांगितलं. ते हातातली पिन तशीच धरून बाहेर आले, शेताच्या कडेपर्यंत गेले आणि कारखान्याकडे तोंड करून उभे राहिले. काही ऐकू येत नव्हतं. मलाही नव्हतं. मावशींना विचारलं तर त्यांनी हंड्यावर हात ठेवून पाहिला आणि न्हाई म्हणून मान हलवली. भोंगा वाजला नव्हता, धूर नव्हता. ह्यांनी माझ्याकडे वळून जे पाहिलं ते मला अजून आठवतं. त्यात राग होता, आणि अशी चेष्टा मी करीन यावर विश्वास बसत नव्हता तेही होतं.

"कानाने नाही," मी म्हटलं, "इथून बघा."

इतक्या वर्षांत ते दुर्बिणीशी पहिल्यांदाच वाकले. आधी चुकीचा डोळा मिटला. मग भिंगाला नाक लावलं. मी आटा फिरवून गुरू मधोमध आणला आणि बाजूला झाले. त्यांची पाठ ताठ झाली होती. मग माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. मोठा हातोडा हाताने चालवत नाहीत, पायाने चालवतात. पुढे एक लांब पट्टी असते, ती दाबली की वरचं वजन खाली येतं, आणि किती दाबली यावर घाव हलका की भारी हे ठरतं. ह्यांची उजवी टाच परसातल्या मातीत टेकलेली होती आणि चवडा खाली दाबला जात होता, हलकेच, आणि उचलला जात होता. आधी जरा मागेपुढे. मग बरोबर त्या ओळखीच्या ठेक्यात.

"थंड आहे अजून," डोळा न काढता ते म्हणाले. "हलके घाव देऊन बघतायत." मग थोड्या वेळाने, "पण उपटलेला नाही."

मावशी देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या. हे वाकलेलेच होते. मला वाटलं की ते आता उठतील, चपला घालतील आणि गेटकडे धावतील. ते उठले नाहीत. एक हात मागे करून त्यांनी माझा हात शोधला आणि विचारलं की कॅमेरा कुठे आहे.

मी म्हटलं, आता काय उपयोग, हललेला येईल.

"येऊ दे," ते म्हणाले. "हललेलाच काढ."

मी कॅमेरा आणायला आत धावले.